पाठकोरी पानं

१० जानेवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवत जावी. फोन करावासा फार वाटतो, पण मागच्या वेळी मी नोकरी म्हणालो, तुम्ही टोपली ऐकलंत आणि नसत्या वस्तू कशाला विकत घेतोस म्हणून दहा मिनिटं रागावलात. तेव्हापासून पत्रच बरं. छापखान्यातल्या यंत्रांनी तुमचे कान नेले, राग मात्र शाबूत ठेवला.

तर टोपली नव्हे, नोकरी. एका शीतगृहात आहे. पंपाचे दांडे केसाच्या जाडीपर्यंत मोजून कातणारा तुमचा मुलगा आता सफरचंदांची खोकी एकावर एक रचतो. आत इतकं गार असतं की नाकातला श्वास मिशीवर गोठतो. जाड कोट तिघांत दोन आहेत, त्यामुळे तिसऱ्याने सतत हलत राहायचं. मी बहुधा तिसरा असतो. कारखाना बंद झाल्यापासून इतके महिने नुसता बसून होतो, त्यापेक्षा हे हजारपट बरं.

खोली चौथ्या मजल्यावर आहे. सोबतीला एकच जण, पूर्वी बँकेत होता. मी त्याला साहेबच म्हणतो. तो इस्त्रीचा शर्ट घालून चौकात हँडबिलं वाटतो, आणि ओळखीचं कुणी दिसलं की स्वतःच एक हँडबिल वाचत उभा राहतो. मी माझा मायक्रोमीटर अजून विकलेला नाही. पायमोज्यात गुंडाळून ठेवला आहे.

तब्येतीस जपावे. तुमचा आशिर्वाद असू द्यावा, दुसरं काही मागत नाही.

आपला,
टिंबू


१७ जानेवारी

चि. टिंबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. (शी दीर्घ. तू दुसरीत असल्यापासून सांगतो आहे.)

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. एकंदर आठ चुका. सात शुद्धलेखनाच्या आहेत, त्यांचं मी मनावर घेत नाही, कारखान्याने तुला दांडे कातायला ठेवलं होतं, वेलांट्या द्यायला नव्हे. आठवी मात्र पहिल्याच ओळीत आहे. पहिले दोन शब्द मी खोडले आहेत. आपल्या घरातली पत्रं 'मी खुशाल आहे' इथून सुरू होतात. मूळ प्रतीत जे नाही ते छापलेल्यात घुसलं तर काढायचं, हे माझं काम, आणि या घराच्या मूळ प्रतीत ते शब्द नव्हते. फाटकावर नोटीस लागली, तेव्हा ही कृपा कोणत्या पाळीला होती, तेही जरा विचारून कळव.

हे गमतीने लिहितो आहे, पण अगदी गमतीनेही नाही.

मला काम भरपूर आहे. शाळेची पुस्तकं, नेहमीचीच. परवा भूगोलात एक नदी डोंगर चढत होती, तिला खाली उतरवली. पत्र पाठकोऱ्या कागदावर आहे म्हणून साहेबांसमोर लाजू नकोस. प्रुफांच्या कोऱ्या पाठीवरच तुम्ही दोघं भावंडं पाढे गिरवून मोठी झालात, आणि एका बाजूला जागा असलेला कागद फेकून देणं मला जमत नाही.

लोकरीचे पायमोजे पाठवतो. ते पायांत घाल, त्यात अवजारं ठेवू नकोस. कोटासाठी पाळी लावून घ्या, भिडेस्तव गारठून मरायचं नाही.

तुझा,
अण्णा


२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांनी पत्र परत पाठवलं, तांबडं करून. 'देवाच्या कृपेने' खोडलं आहे. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

तुझ्यापाशी खोटं बोलत नाही. मी दर आठवड्याला एका प्रार्थनासभेला जातो. टायरांचं जुनं गोदाम आहे, अजून रबराचा वास येतो. लाकडी बाकं आहेत, शेवटी गरम सूप आणि पाव देतात. शीतगृहाचं काम मला तिथल्याच एका माणसाने लावून दिलं. पहिल्यांदा मी कशाला गेलो विचारशील तर सुपासाठी, हे आधीच कबूल करतो. आता सूप नसलं तरी जाईन असं वाटतं. तिथे कुणीही मला तू सध्या काय करतोस असं विचारत नाही, ताई. बाहेर त्याखेरीज दुसरं काही कुणी विचारतच नाही.

साहेब म्हणतो की हे सगळं भुकेचं आहे. असेलही. पण आमच्या वयाची किती माणसं तिथे येतात ते तू बघायला हवंस. कारखान्यातले माझ्या पाळीचे चौघे भेटले. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत देवाची टिंगल करण्यात हेच पुढे असायचे.

मी तिथवर कसा पोचलो, पत्ता कुठून मिळाला, ते मात्र विचारू नकोस. त्यात अण्णांची एक गोष्ट उघडी पडते. आणि त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस, तुझ्या पाया पडतो.

भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझा,
टिंबू


६ फेब्रुवारी

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद.

पाया पडायची घाई करू नकोस, आधी पुढचं वाच. माझ्या तोंडून निघून गेलं. रविवारी अण्णांकडे गेले होते. त्यांनी चष्म्यावरून बघत सरळ विचारलं की टिंबू कुठल्या मंडळींत बसतो उठतो. तू जाणतोस, त्या चष्म्यावरून बघणाऱ्या डोळ्यांपुढे मला लहानपणी चोरलेली साखरसुद्धा लपवता आली नाही. सांगून टाकलं. ते पेन्सिलीला टोक करत बसले. ती टोकदारच होती.

आता तुझं. मला तुझा राग येत नाही, काळजी वाटते. मी दिवसभर औषधाच्या दुकानात उभी असते. लोक हल्ली गोळ्यांची अर्धीच पट्टी मागतात, आणि मला विचारतात की उरलेल्या नाही घेतल्या तर चालेल ना. मी काय सांगू? देवच जाणे म्हणते आणि गल्ल्याकडे वळते. आपण दोघंही त्याचं नाव घेतो, तू मनापासून आणि मी सुटका व्हावी म्हणून, एवढाच फरक. बाळाचं आम्ही पुढे ढकललं आहे. तुझे भावोजी म्हणतात परिस्थिती सुधारू दे. परिस्थितीला माझं वय कुणीतरी कळवायला हवं.

आणखी एक. अण्णा वाळले आहेत. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधली आहे, नवी करत नाहीत. मी आत शिरले तशी त्यांनी टेबलावरच्या प्रुफांवर वर्तमानपत्र ओढलं. शाळेच्या पुस्तकांत लपवण्यासारखं काय असतं रे? तू म्हणतोस ती उघडी पडणारी गोष्ट हीच का?

टिंबाएवढा होतास म्हणून तुझं नाव टिंबू पडलं, तेव्हापासून या घरात सगळा घोळ तूच घालतोस. तरी लोभ आहे तो आहेच.

तुझी ताई
(ऊर्फ वेलांटी)


१६ फेब्रुवारी

चि. टिंबूस,
आशीर्वाद.

तुझ्या ताईकडून कळलं. तिला दोष देऊ नकोस.

भूक लागली तर माणसाने दुसऱ्याच्या हातचा पाव घ्यावा, त्यात मला लाज वाटत नाही. मीही घेतला असता. पण पावाबरोबर मतही घ्यायचं, हे कुणी शिकवलं? तुझी आई मनाने देव मानत होती, तिला मी कधी अडवलं नाही, कारण तिचं ते पोट भरलेलं असताना होतं, रिकामं असतानाही होतं. तुझं पोट भरलं की तुझा देव उतरेल. मग ती सुपाची किंमत झाली, श्रद्धा नव्हे. पंचेचाळीस वर्षं मी या टेबलाशी बसलो, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं, पण खोटी ओळ या हातून पुढे गेली नाही. माझाच मुलगा पत्राच्या पहिल्या ओळीत खोटं लिहितो.

मन ठिकाणावर येईपर्यंत पत्र पाठवू नकोस. आलंच, तर न तपासता परत पाठवीन.

अण्णा


२४ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

न तपासता परत पाठवीन म्हणालात, याहून मोठी शिक्षा तुम्हाला सुचली नसेल. तरी लिहितो. फेकण्यापूर्वी सोबतचा कागद तेवढा बघा. ते तुमचंच नोव्हेंबरातलं पत्र आहे. एका बाजूला तुम्ही मला लवकर उठत जा म्हणून लिहिलं आहे. आता ते उलटा.

ते शाळेचं पुस्तक नाही, अण्णा. प्रार्थनेच्या पुस्तकाचं शेवटचं पान आहे, खाली गावोगावच्या सभांचे पत्ते आहेत, आणि सगळ्या पानभर तुमची तांबडी शाई आहे. तुम्ही सवयीने पाठकोरा कागद ओढलात आणि लिहायला बसलात.

ते पत्र आलं त्या दिवसांत माझ्या डोक्यात काय विचार येत होते ते लिहिणार नाही. तुम्ही चुका काढायला घ्याल आणि तुमचा हात थांबेल. दुपारी कॉटवर पडून पत्र तिसऱ्यांदा वाचलं, मग करायला काही नव्हतं म्हणून उलटलं. पानावर असं छापलं होतं: 'हे दयाळू देवा, ज्यांचं काम गेलं त्यांचे हात रिकामे राहू दे.' अक्षरं जुळवणाऱ्याने शेवट खाल्ला होता. तुम्ही 'दे' खोडून समासात लिहिलं होतं, 'देऊ नकोस'. तुमच्या अक्षरात, दोनदा अधोरेखित करून. त्यांचे हात रिकामे राहू देऊ नकोस.

छापलेलं मी मानलं नसतं. पण तुमच्या तांबड्या शाईतून गेलेलं पान मी लहानपणापासून खरं मानत आलो आहे. मला वाटलं, कुणीतरी माझ्यासाठी कुणाला तरी सांगतं आहे. खालच्या पत्त्यांत या गावचा पत्ता होता. संध्याकाळी मी उठून गेलो. सूप नंतर मिळालं.

तुम्ही ते काम करता याचा मला राग नाही. शाळेची पुस्तकं म्हणून सांगितलंत याचं वाईट वाटलं, एवढंच. मीही सूप लपवलंच की.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. सभेत नव्या माणसाला उभं करून बोलायला लावतात. माझी पाळी आली तेव्हा घरी कोण आहे म्हणून विचारलं, आणि मी बोलून गेलो की माझे वडील रोज सकाळी माझ्यासाठी प्रार्थना करतात. का बोललो मला खरंच माहीत नाही. समोर एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. एक बाई सगळं लिहून घेत होत्या. सभेच्या मासिकाच्या पुढच्या महिन्याच्या अंकात ते छापणार आहेत, तेही तुमच्याच छापखान्यात, म्हणजे ते तुमच्याच टेबलावर येणार.

ते वाक्य खोटं आहे, मूळ प्रतीतच खोटं आहे. तुम्ही खोडलंत तर मी एक शब्द बोलणार नाही. सभेतही तोंड दाखवणार नाही. पण मग मला तिथेही जागा नाही आणि घरीही नाही असं होईल, आणि त्याची मला भीती वाटते. लिहायला लाज वाटत होती, तरी लिहिलं.

तुमच्या आशिर्वादाची वाट बघतो.

आपला,
टिंबू


१९ मार्च

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद.

अण्णांचं पत्र नाही म्हणून तू मला दोनदा विचारलंस. मलाही नाही. शेवटी त्यांच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा दुकानात फोन आला, तेव्हा रजा घेऊन दोन दिवस जाऊन आले.

बाई म्हणाल्या की अण्णांचं काही खरं नाही. रोज सकाळी खिडकीशी चष्मा काढून बसतात, हातात कागद नाही, पेन्सिल नाही, चहा समोर निवतो. मी स्वतः पाहिलं. घड्याळाला गजर लावून ते मांडीवर घेतात, पाच मिनिटांनी तो वाजतो, मग चष्मा चढवून कामाला लागतात. हे काय म्हणून विचारलं तर डोळ्यांना विश्रांती म्हणाले. मी हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, ऑपरेशन आज ना उद्या लागणार. पाच मिनिटांच्या विश्रांतीने काही होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. अण्णा म्हणाले की त्यांना विचारलं कोणी.

आणि मी ते वर्तमानपत्र उचललं, टिंबू. मला आता सगळं ठाऊक आहे. शाळेची पुस्तकं दोन वर्षांपूर्वीच बंद झाली. छापखान्यात सध्या दोनच गोष्टी छापतात, प्रार्थना आणि लॉटरीची तिकिटं, आणि तिकिटांना प्रुफं नसतात. ते खुर्चीत बसून राहिले, चोरी पकडल्यासारखे. मला रडू आलं. आपल्याला दर महिन्याला डोंगर चढणाऱ्या नद्या सांगत होते रे ते.

निघताना मात्र एक विचित्रच प्रश्न केला. तुझी आई बसायची तेव्हा डोळे मिटून बसायची की उघडे ठेवून, हे तुला आठवतं का, म्हणाले. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मी म्हटलं मिटून. त्यांनी मान हलवली, अगदी एखादी शंका फिटल्यासारखी.

मला तर काही उमगत नाही. तुला उमगलं तर मला कळव, आणि या वेडीवर माया राहू दे.

ताई


२८ मार्च

चि. टिंबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परत पाठवत नाही, ठेवून घेतलं आहे. 'आशिर्वाद' पुन्हा ऱ्हस्व आहे. असो.

आधी हे पान उलट. अंकाचं सातवं पान, तुझं निवेदन. मधल्या परिच्छेदात तुझं ते वाक्य आहे आणि त्यावर तांबडी रेघ आहे. ती मीच ओढली, वाक्य दिसल्याबरोबर. मग हात थांबला. मूळ प्रत काढून पाहिली, तिच्यात वाक्य होतं. मूळ प्रतीत असलेलं खोडण्याचा मला अधिकार नाही. आणि खोटं आहे हे माहीत असून पुढे जाऊ देणं मला पंचेचाळीस वर्षांत जमलेलं नाही. दिवसभर ते पान समोर घेऊन बसलो. जेवलो नाही. संध्याकाळी सुचलं की छापलेलं बदलता येत नसेल तर दुसरी बाजू बदलता येते.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून सकाळी पाच मिनिटं बसतो. गजर लावतो, कारण जास्त बसलो तर ढोंग होईल आणि कमी बसलो तर कामचुकारपणा. मला पाठ एकच ओळ येते, जिचा शेवट मी दुरुस्त केला होता ती. तीच म्हणतो. कोणाला म्हणतो ते मला सांगता येणार नाही, पाकिटावर पत्ता न घालता पत्र टाकल्यासारखं वाटतं. देव आहे असं मी म्हणत नाही, तसं लिहिलं तर ते खोटं होईल. पण तुझं वाक्य आता खरं आहे. आज एकोणीस दिवस झाले. तू 'रोज' हा शब्द घातलास, त्यामुळे एकही दिवस सोडायची सोय नाही. निदान 'कधी कधी' म्हणाला असतास.

आम्हाला देव लागला नाही, हे मी जन्मभर बुद्धीचं लक्षण समजत आलो. या खिडकीशी बसल्यावर कळतं की त्यात पगाराचाही हात होता. महिन्याच्या पहिल्या तारखेवर आमचा इतका भरवसा होता की दुसऱ्या कशावर ठेवायची गरज पडली नाही. तुझ्या वाट्याची ती पहिली तारीख कारखान्याबरोबरच गेली, आणि मी तुलाच सुपाची किंमत विचारली. माझ्या हातून पुढे गेलेली ती सगळ्यात वाईट ओळ. ती तू खोड. मला क्षमा कर.

माणसांना उभं करून रडवायचं, हे मात्र मला अजून पटत नाही. तिथे जा, पण डोळे उघडे ठेवून जा. पुन्हा उभं केलं तर नीट सांग, की वडिलांचा विश्वास नाही, तरी बसतात. डोळ्यांचं तुझ्या ताईने कळवलंच असेल. मला अक्षरं आता दोन दोन दिसू लागली आहेत. ऑपरेशन करायचं कसं, आणि मधल्या दिवसांत हे कामही गेलं तर काय, ते मला ठाऊक नाही. लपवून झालं, आता लपवत नाही.

आता रेघेखाली बघ. वाक्याखाली ओळीने टिंबं दिसतील. छापखान्यात त्याचा अर्थ असा, की चुकून खोडलं, असू द्यावे. जुळवणारा टिंबं बघतो आणि शब्दाला हात लावत नाही.

टिंबाएवढा होतास म्हणून तुझं नाव टिंबू, हे मीच पसरवलं होतं. खरं तसं नाही. तू सातव्या महिन्यात आलास. डॉक्टरीणबाईंनी आशा धरू नका म्हणून सांगितलं, आणि खाटेला अडकवलेल्या कागदावर तुझ्या वजनापुढे नुसती एक आडवी रेघ मारून त्या दुसऱ्या खोलीत गेल्या. तुझ्या आईने डोळे मिटले असणार, मी बघितलं नाही. मला ते येत नव्हतं. माझ्या खिशात तांबडी पेन्सिल होती. मी त्या रेघेखाली टिंबं दिली.

मी खोडलेलं जानेवारीतलं पत्र तुझ्यापाशी आहे. ते काढ, आणि पहिल्या दोन शब्दांखाली टिंबं दे. शाई तांबडी घे.

तुझा,
अण्णा